पहारेकऱ्याच्या पाठीवरची खूण
(संस्थेच्या पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शाळेतील बाके मोडली की आम्ही डेडस्टॉक रजिस्टर काढून निर्लेखनाचा प्रस्ताव करतो. मंजुरी आली की बाकावर रंगाने खूण होते आणि मग लिलाव. खूण नसलेल्या बाकाला कोणी हात लावीत नाही. आपल्या शरीरातील पेशींचा कारभारही असाच चालतो. पेशीत हजारो प्रकारची प्रथिने सतत तयार होतात आणि काम संपले की मोडली जातात. जे मोडायचे, त्याला युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची साखळी चिकटविली जाते. ती खूण ओळखून प्रोटिअसोम नावाचे पिंपाच्या आकाराचे यंत्र त्याचे तुकडे करते. ही व्यवस्था उलगडल्याबद्दल सिचानोव्हर, हर्श्को व रोझ या तिघांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेतही प्रोटिअसोम आणि कर्करोग यांवर संशोधन झाले आहे.

आता चांगल्या बाकावरच कोणी खोटी खूण केली तर?

पेशीत पी-५३ नावाचे एक प्रथिन असते. त्याला पहारेकरी म्हणा. पेशीच्या आनुवंशिक द्रव्यात बिघाड झाला की ते पेशीचे विभाजन थांबविते. दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरावयास लावते. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. या विषाणूचे ई-६ नावाचे प्रथिन पेशीतीलच एका प्रथिनाला हाताशी धरून पी-५३ वर युबिक्विटिनची खूण करविते. ई-६ मुळे पी-५३ मोडला जातो, हे १९९० साली अमेरिकेत मार्टिन शेफ्नर, पीटर हाउली व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. चोर कुलूप तोडीत नाही. पहारेकऱ्याच्या पाठीवर रद्दीची खूण करतो, आणि घरचीच माणसे त्याला उचलून बाहेर टाकतात.

माता-भगिनींसमोर हा विषय काढताना मलाही संकोच वाटतो. परंतु माझ्या खालाने कित्येक महिने रक्तस्राव लपविला. वयाचा परिणाम असेल, असे म्हणत राहिली. नांदेडला नेले तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून स्पष्ट सांगतो, हा विषाणू अत्यंत सर्वसामान्य आहे, पतीकडून नकळत येऊ शकतो, आणि तो सापडणे हा कुणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. बहुतेक स्त्रियांचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत घालवूनही देते. काहींच्या अंगात तो टिकून राहतो, आणि तेथून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात. एवढा अवधी फार थोडे आजार देतात!

या अवधीचा उपयोग होतो का, हे आपल्या मराठवाड्यातच पाहिले गेले. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय व टाटा स्मारक केंद्र त्यात होते. ज्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटासाठी एचपीव्हीची एकच चाचणी ठेवली होती, त्यात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. चाचणी न दिलेल्या ३१,४८८ च्या गटात ६४. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या गटाला चाचणी का दिली नाही, यावर पुढे टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. त्या ६४ जणी आपल्यासारख्याच घरांतील होत्या.

मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेच्या सर्व्हाव्हॅक लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. नऊ ते चौदा या वयात ती दोन मात्रांत देतात. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी लागतेच. शासनाच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रियांची तपासणी धरलेली आहे. आपल्या आरोग्य केंद्रात किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. रक्तस्राव असेल तर मात्र तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरीणबाईंना गाठावे.

खालाच्या नंतर मी अम्मीला तपासणीला नेले. तयार व्हायला तिने चार महिने घेतले. आत पाच-सात मिनिटे लागली असतील. बाहेर येऊन बुरखा सारखा करीत ती म्हणाली, "बस, इत्ताच था?"