परीक्षेची फी आणि कार्यालयाचं भाडं

श्रोतेहो, मला मिळालीत दहा मिनिटं आणि विषय आहे प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेचा खर्च. ही परीक्षा कुठली, कोण घेतं, हे आमच्या भिलाईच्या स्मृति नगरात आता सांगावं लागत नाही. सीएपीएम म्हटलं की पोरं माना डोलावतात. तेव्हा मी बोलणार फक्त पैशांवर, आणि पैशांतही मुख्य गोष्ट एकच. ती आधीच सांगून टाकते, कारण मला पाल्हाळाची सवय आहे. दुसऱ्या खेपेची फी पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

आता तुम्ही म्हणाल, काकू, परीक्षेला बसायच्या आधीच नापास व्हायची भाषा? थांबा जरा.

माझी सगळी नोकरी हिशेबाच्या टेबलावर गेली, त्यामुळे कॉलनीतली मुलं आपापले आकडे घेऊन माझ्याकडे येतात. शेजारची एक मुलगी अशीच वही घेऊन आली. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. पानाच्या वर ठळक अक्षरांत ‘बजेट’, त्याखाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा, आणि मग एकच ओळ. परीक्षा फी 300 डॉलर, डॉलरला 90 रुपये धरून 27,000. त्याखाली पुन्हा रेघ, आणि एकूण 27,000. एकाच रकमेची बेरीज केलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

तिला म्हटलं, अगं, हे तर कार्यालयाचं भाडं झालं. लग्न कुठाय?

घरात लग्न निघालं की पहिली चौकशी कार्यालयाची होते, आणि भाड्याचा आकडा कळला की वधूपित्याला वाटतं, चला, अंदाज आला. मग केटरर येतो, मग मांडववाला, मग वऱ्हाडाच्या गाड्या, मग कुणाचा तरी मामा रुसतो. या परीक्षेचंही तसंच आहे. छापील दर अनेक वर्षं परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या सदस्याला 225 डॉलर आणि इतरांना 300 डॉलर असा चालत आला. भारतातला आजचा दर आणि त्यावरचा कर संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. मी सांगते ते आकडे हिशेबाची रीत कळावी म्हणून.

केटरर म्हणजे शिकवणी. अर्जासाठी प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या शिक्षणाचे 23 तास दाखवावे लागतात. क्लासवाला 15,000 सांगतो, तुम्ही हो म्हणता, आणि पावती हातात येते 17,700 ची, कारण वर 18 टक्के जीएसटी. म्हणून विचारतानाच ‘करासकट किती’ असं विचारावं. क्लासच हवा असं मात्र मुळीच नाही. शेवटी चाचणी असलेला ऑनलाइन अभ्यासक्रमही नियमात बसतो. सरकारच्या स्वयम् मंचावर एनपीटीईएलचे अभ्यासक्रम आहेत. आयआयटी रुरकीचा ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट फॉर मॅनेजर्स’ त्यातलाच. बघायला, शिकायला फुकट. प्रमाणपत्राच्या परीक्षेला साधारण 1,000 रुपये पडतात. 12 आठवड्यांचा अभ्यासक्रम असेल तर तास सहज भरतात. प्रमाणपत्र मात्र जपून ठेवा, तुमचा अर्ज तपासणीला निघाला तर तेच मागतात. महिन्याच्या वर्गणीवर चालणारे कोर्सही आहेत, पण तिथे तुम्ही झोपलात तरी मीटर चालू राहतं. सुट्टी लागली की घ्यावेत आणि सुट्टीतच संपवावेत.

सदस्य व्हावं का? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बेरीज-वजाबाकी करू. नेहमीचं सदस्यत्व नोंदणीसह 139 डॉलर होतं तेव्हाचं धरू. त्यावर परीक्षेत सूट 75 डॉलरची. 75 वाचवायला 139 घालवायचे, याला आमच्याकडे शहाणपण म्हणत नाहीत. संस्थेचं जाडजूड मार्गदर्शक पुस्तक सदस्याला डिजिटल रूपात फुकट मिळतं, ते खरं. पण तेवढ्यासाठी हा सौदा मला पटत नाही. विद्यार्थ्यांचं सदस्यत्व 32 डॉलरला मिळत आलंय, तिथे गणित उलटं होतं. म्हणून कॉलेजचं ओळखपत्र अजून खिशात आहे तोवरच हे काम उरकून घ्या. जून उजाडला, पदवी हातात आली, की तुम्ही मोठ्यांच्या रांगेत.

आता माझ्या मुद्द्यावर येते. पहिल्यांदा जमलं नाही तर पुन्हा बसायला सदस्याला 150 आणि इतरांना 200 डॉलर, असा दर होता. म्हणजे त्या मुलीच्या वहीत 300 नको, 500 हवेत. 27,000 नको, 45,000. अर्ज मंजूर झाल्यापासून वर्षभराची मुदत आणि त्यात तीन खेपा मिळतात. तीन मिळतात, पण पैसे असतात एकीपुरते. मग होतं काय? 150 प्रश्न आणि 3 तास, तिथे मुलाच्या डोक्यात प्रश्न कमी आणि बाबांचा चेहरा जास्त. तारीख जवळ आली की पोटात गोळा, म्हणून तारीख पुढे ढकलायची. आणि शेवटच्या 30 दिवसांत तारीख हलवायला 70 डॉलर लागत आलेत. म्हणजे 6,300 रुपये निव्वळ भीतीचे! शेवटच्या दोन दिवसांत पाय मागे घेतला तर सगळीच फी बुडाली. राखीव रक्कम नसली की माणूस असा घाबरून पैसे घालवतो. मांडवाला वरून ताडपत्री लावतो ती काय पाऊस यावा म्हणून? ती असली की यजमान आभाळाकडे न बघता पंगतीत तूप वाढत फिरतो.

गंमत म्हणजे याच परीक्षेच्या अभ्यासात हे शिकवतात. माहीत असलेल्या धोक्यांसाठी ठेवायचा तो कन्टिन्जन्सी रिझर्व्ह, आणि ध्यानीमनी नसलेल्या गोष्टींसाठी असतो तो मॅनेजमेंट रिझर्व्ह. दोन्हींच्या व्याख्या मुलं मला घडाघडा म्हणून दाखवतात. त्याच परीक्षेच्या स्वतःच्या बजेटात दोन्ही शून्य. काय म्हणावं!

आणि आपण राहतो कुठे? भिलाईत. 1955 च्या फेब्रुवारीत इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. भट्टीच्या किमतीत कारखाना उभा राहिला नाही. दल्ली-राजहराचं खनिज, नंदिनीचा चुनखडीचा दगड, तांदुल्याचं पाणी, ते आणायच्या वाटा, माणसांसाठी सेक्टरच्या सेक्टर घरं, हे सगळं त्यात आलं. ज्या गावाचा जन्मच प्रोजेक्टमधून झाला, तिथल्या मुलांनी एका ओळीचं बजेट करावं, याचा मला राग येतो. असो.

परीक्षा घरून द्यायची की केंद्रावर जाऊन? घरून स्वस्त पडते असं वाटतं. पण खोलीचे, टेबलाचे फोटो द्यावे लागतात, टेबलावर कागदाचा कपटा चालत नाही, मध्ये कुणी आत आलं तर परीक्षा बंद पडू शकते. आपल्याकडे आजी दार लोटून ‘बाळा, चहा ठेवू का’ विचारणारच. त्यात मे महिना आणि गेलेली वीज. इन्व्हर्टर नसेल तर त्या दिवसापुरती सोय करा आणि ती वहीत लिहा. केंद्रावर जायचं ठरलं तर रायपूरचं बघा. तिथे तारीख नाही मिळाली तर नागपूर. दुर्गहून नागपूरला गाड्या भरपूर आहेत आणि आपल्या मराठी घरांत नागपुरात एखादी मावशी असतेच. पण मावशीकडे रिकाम्या हातानं जाता का? तो खर्चही वऱ्हाडाचाच. आणि आदल्या रात्री तिच्याकडे गप्पा मारत बसू नका, ही ताकीद वेगळी.

लग्न झालं, वरात गेली, खर्च संपला का? दिवाळसण असतो. आणि धोंड्याचा महिना? अधिक मास आला की जावयाला अनारसे आणि वाण आलंच, साधारण दर तीन वर्षांनी. या प्रमाणपत्राचंही अगदी तसंच. दर तीन वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी 15 शैक्षणिक गुण मिळवायचे आणि फी भरायची. सदस्याला 60, इतरांना 150 डॉलर, असा दर मला ठाऊक आहे. धोंडा पंचांगात दिसतो, हा दिसत नाही, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर साल लिहून ठेवा.

मात्र इथे थोडा विचार करा. पदवीधराला कामाचा 36 महिन्यांचा अनुभव झाला की पुढच्या, पीएमपीच्या, परीक्षेचं दार उघडतं. सीएपीएम चालू असेल तर त्या परीक्षेसाठी लागणारे 35 तासांचे वर्ग माफ होतात. तेव्हा नूतनीकरण करायचं की पुढे उडी मारायची, हा हिशेब दुसऱ्या वर्षाच्या शेवटी… पण यावर बोलायला स्वतंत्र दहा मिनिटं हवीत, आणि काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवताहेत.

दोन मिनिटं. मग आईवडिलांशी बोलते. ‘एवढे पैसे भरलेत, आता पास हो’ हे वाक्य घरात म्हणू नका. त्याऐवजी दुसऱ्या खेपेचे 18,000 वेगळे ठेवलेत हे मुलाला सांगा. सांगा म्हणजे खरंच ठेवा. भिशीत, पोस्टात, कुठेही. पहिल्याच खेपेत पास झाला तर त्याच पैशांतून नूतनीकरणाची फी निघेल, वर काही उरेलही. पास झाल्यावर पेढे वाटाल ना? त्याला आपण बजेट लागतं म्हणत नाही. दुसऱ्या खेपेचं नाव काढलं की मात्र अपशकुन! ऑफिसकडून फी परत मिळते का, हेही विचारायला हवं. काही ठिकाणी मिळते, पण पास झाल्यावर आणि पावती असेल तर. म्हणजे आधी खिशातूनच जातात, आणि पावत्या…

एक मिनिट म्हणताहेत. बरं. फी भरण्याच्या आदल्या दिवशी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावर परदेशी व्यवहार चालू केलेत का बघा, 2020 पासून नवी कार्डं ते बंद ठेवूनच देतात. बँक परकीय चलनाचं दोन-साडेतीन टक्के शुल्क लावते, त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी, तेही वहीत धरा. आणि अर्जावरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळू द्या. ज्यांचं लग्नानंतर आडनाव बदललंय त्यांनी तर दोनदा पाहा. पत्रिकेत नाव चुकलं तर मामा रुसतो, इथे दारातूनच परत पाठवतात आणि मग पुन्हा फी. पासपोर्ट असेल तर तोच दाखवा, नसेल आणि काढायचा असेल तर साधी फी 1,500 रुपये, तीही वहीत घाला आणि अर्जाच्या आधी महिना-दोन महिने काढून ठेवा.