आधी वही मिटा

मी लखनौहून बोलतेय, अलीगंजमधून. आमच्या कपूरथला चौकात संध्याकाळी उभं राहिलात तर पाठीवर सॅक लावलेल्या मुलांची ये-जा थांबत नाही, कारण आजूबाजूला सगळ्या कोचिंग क्लासच्या पाट्या. यूपी बोर्ड असो, सीबीएसई असो की आयएससी, बारावीचं वर्ष सगळ्यांचं सारखंच जातं. सकाळी शाळा, संध्याकाळी क्लास, रात्री वही. पुण्यात, इंदुरात, बेळगावातही काही वेगळं नसणार.

मी बारावीला फिजिक्स शिकवते. मागे एक मुलगी प्रीबोर्डचा पेपर घेऊन आली. रोज सहा तास अभ्यास, नोट्स तीन रंगांत, आणि ७० पैकी ३१. "मॅम, मुझे सब आता था." ती खोटं बोलत नव्हती. मी तिची वही मिटली, कोरा कागद दिला आणि म्हटलं, लेन्स मेकरचं सूत्र सिद्ध कर. आकृती झाली, पहिल्या पृष्ठभागाचं समीकरण झालं आणि पेन थांबलं. पहिल्या पृष्ठभागाने केलेली प्रतिमा दुसऱ्यासाठी वस्तू होते, ही एकच पायरी आठवेना. वही उघडल्याबरोबर म्हणाली, "अरे, ये तो पता था!"

हे "पता था" फार फसवं असतं. पाचव्यांदा वाचलेलं पान डोळ्यांना ओळखीचं होतं, आणि ओळखीचं म्हणजे येतंच, असं आपण धरून चालतो. परीक्षेत मात्र ते पान समोर नसतं.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार फेऱ्यांत वाचला. काहींनी तो एकाच फेरीत वाचला आणि नंतर तीनदा न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने वाचणाऱ्यांकडे उरलं ४० टक्के, लिहिणाऱ्यांकडे ६१. आणि गंमत बघा, आपल्याला चांगलं लक्षात राहील याची जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती!

आम्हा लखनौच्या मराठी माणसांना इथे भातखंडे आठवतात. १९२६ साली त्यांच्या प्रयत्नांतून इथे मॅरिस कॉलेज उभं राहिलं, तेच आजचं भातखंडे विद्यापीठ. त्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत छापल्या. पण पुस्तक समोर ठेवून वाचली म्हणून बंदिश आली, असं कुठलाही गुरू मानणार नाही. पुस्तक बाजूला ठेवून गा, मग बघू. फिजिक्सला हा नियम आपण का लावत नाही?

तेव्हा असं करा. क्लासमधून आल्यावर वही न उघडता आजचा भाग कागदावर लिहा. अडाल तिथे जागा सोडा. मग वही उघडा आणि राहिलेलं लाल पेनाने भरा. तीन दिवसांनी पुन्हा कोरा कागद, आठवड्याने पुन्हा. दर वेळी लाल शाई कमी होते. त्या मुलीची तिसऱ्या वेळी फक्त चिन्हांच्या नियमापुरती उरली होती. गणितात सोडवलेलं उदाहरण झाकून सोडवा, केमिस्ट्रीत अभिक्रियेचं नुसतं नाव बघून बाकीचं लिहा. इतिहासाला पूर्ण उत्तर नको, मुद्दे पुरेत.

पहिला आठवडा वाईट जातो, हे आधीच सांगते. सहा तास वाचून जेवढं येतं असं वाटायचं, त्याच्या निम्मंही कागदावर उतरत नाही. मुलं घाबरून पुन्हा वाचायला लागतात. आईबाबांनो, तेव्हा "किती तास बसलास?" एवढं विचारू नका. "आज न बघता काय लिहिलंस?" असं विचारा, आणि कागद अर्धा कोरा दिसला तर रागावू नका. तो अर्धा कोरा कागद जानेवारीतच दिसलेला बरा.

शेवटच्या महिन्यात मागच्या वर्षांचे पेपर घड्याळ लावून सोडवा. ७० गुण, १८० मिनिटं, म्हणजे एका गुणाला अडीच मिनिटं. सुरुवातीची वाचनाची १५ मिनिटंही सरावात धरा. कुठला प्रश्न आधी घ्यायचा, हे तेव्हाच ठरतं.

आता व्हिडिओ थांबवा. आज वर्गात जे झालं ते दहा मिनिटं लिहा. वही दुसऱ्या खोलीत ठेवून या.