आधी ऐकायला शिकायचं



बी.एस्सी. झालेल्या मुलीने पुढे काय करायचं, हा विषय गटाच्या बैठकीतही निघतो. आज एका वेगळ्या कामाविषयी सांगते. त्याला जेनेटिक कौन्सेलर म्हणतात. आईवडिलांकडून मुलांत उतरणारे आजार घरच्यांना समजावून सांगायचे, कोणती तपासणी करता येते ते सांगायचं आणि निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्यायचा, असं हे काम. कर्नाटकात मणिपालला याचं एम.एस्सी.चं शिक्षण मिळतं. अमेरिकेत तर प्रवेश देताना मार्कांबरोबर हेही बघतात, की मुलीने लोकांसाठी काय सेवा केली.

ती सेवा रत्नागिरीतही करता येते. थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. गणपतीत, मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, तेव्हा मुलीने रक्तदान शिबिराला हातभार लावावा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया आहेत. त्या प्रमाणपत्राचे कागद जमवायला आईला मदत करावी.

खरी कसोटी असते ती घरात बसून बोलताना. मूल आजारी निघालं की बोट सुनेकडे जातं. पण थॅलेसेमिया मेजर होतो तो आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडून दोष आला तरच. असा दोष असलेली माणसं स्वतः धडधाकट असतात, त्यांना वाहक म्हणतात. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक. पहिलं आजारी म्हणून पुढची तिघं चांगली, असा हिशेब नसतो. लग्नाआधी किंवा दिवस गेल्यावर लगेच रक्त तपासलं, तर वाहक कोण ते कळतं.

इथे मुलीने तीन पथ्यं पाळावीत. एक, ऐकलेलं कुणाजवळ बोलायचं नाही. वाहक म्हणून बोभाटा झाला, तर एखादीचं ठरलेलं लग्न मोडेल. दोन, माहीत नाही ते डॉक्टरांना विचारूया म्हणायचं. तीन, वहीत तारीख, किती तास काम केलं आणि काय शिकलो ते लिहायचं, नावं लिहायची नाहीत. अर्ज भरताना हीच वही कामाला येईल.

तुमच्या गटात अशी मुलगी असेल, तर पुढच्या बैठकीला तिला बोलवा.