दोरीवरच्या चिठ्ठ्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोलायला मी उभी आहे खरी, पण व्याख्यान देणे हा काही माझा प्रांत नव्हे. गेल्या हळदीकुंकवाला आपण व्हरांड्यात दोरी बांधली, तिच्याविषयी तेवढे सांगते.

ही कल्पना मुळात आपली नव्हे. मोनिका मायेर नावाच्या कलावतीने १९७८ साली मेक्सिको शहरात ती केली. निरनिराळ्या वयाच्या, निरनिराळ्या परिस्थितीतल्या ८०० बायकांना तिने एकच वाक्य पुरे करायला सांगितले : बाई म्हणून या शहरात मला सर्वांत नकोसे वाटते ते... उत्तरे गुलाबी कागदांवर घेतली आणि तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, कपडे वाळत घालतात तशी, दोऱ्यांवर लावली. पुष्कळजणींनी लिहिले होते ते रस्त्यातल्या आणि बसमधल्या छळाविषयीच. आपल्याकडे बंगळूरला जस्मीन पथेजा हिने २००३ साली ‘ब्लँक नॉइज’ सुरू केले. छेड काढली गेली त्या वेळी अंगावर होते ते कपडे तिने बायकांकडून मागून जमवले. कपड्यांवर खापर फोडणाऱ्यांना ते उत्तर होते.

आपली दोरी पाहून एक आजी म्हणाल्या, “ही कसली ग कला? हे तर वाळत घातलेले धुणे!” मी म्हटले, “धुणेच समजा, आजी. ओले घरात कोंबून ठेवले की कुबट वास येतो.”

चिठ्ठीवर नाव घालायचे नव्हते, म्हणून बायका मोकळेपणी लिहीत्या झाल्या. स्टेशनाकडून येणारी नाल्याकडेची वाट, जिन्यातला अंधार, आणि तो दिवा नसलेला खांब! कितीतरी जणींनी तोच एक खांब लिहिला होता. आजवर प्रत्येकीला वाटे, तिथे भिते ती मी एकटीच.

एका चिठ्ठीशी मात्र माझे पाय थबकले. अक्षर माझ्या सुनेचे. ‘उशीर झाला की घरात आधी विचारतात, एवढा वेळ कुठे होतीस? म्हणून वाटेत काय झाले ते मी सांगत नाही.’

दारात उभी राहून तो प्रश्न विचारणारी मीच. खांबासाठी आपण कचेरीत अर्ज केला, तीन खेटे घातले, दिवा लागला. याचा अर्ज कुठे करायचा? क्षणभर वाटले, चिठ्ठी काढून पदराआड घ्यावी. मग तशीच राहू दिली.

तिच्याशी मी अजून यावर बोललेले नाही. परवा रात्री साडेनऊला जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेले, एवढेच. मला पाहून ती घाबरलीच. “आई, काय झाले?”

“काही नाही ग, पाय मोकळे करते आहे,” मी म्हटले.

दोघी मिळून घरी आलो. निम्म्या वाटेवर ती आपण होऊन बोलू लागली.

दोरी आजही बांधली आहे. कागद आणि पेन्सिली चहाच्या टेबलापाशी ठेवल्या आहेत.