जामीन राहायचं म्हणजे काय

(कार्यकर्ता शिबिरातलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर वाचून दाखवावं.)



होळीच्या आधी आपल्या नऊ जणांना प्लॉटवरून उचललं, हे सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्या दिवशी कोर्टाने नऊही जणांना जामीन दिला. पाच जण घरी आले. चार जण आणखी अकरा दिवस जेलात राहिले. गावात बोललं गेलं की कोर्टाने त्यांना सोडलं नाही. कोर्टाने सोडलं होतं. त्यांना जामीनदार मिळाला नाही.

कोर्ट म्हणतं, जामीनदाराचा सातबारा आणा. आता सांगा, सातबारा असता तर प्लॉटवरून उचललं कशाला असतं? बाप-आज्यापासून जमीन कसतो, आणि कागदावर ती जंगल खात्याची. म्हणून ज्याच्यावर केस होते, त्याच्या भावाकडे, मामाकडे, सासऱ्याकडे, कुणाकडेच दाखवायला उतारा नसतो. ज्याच्याकडे असतो तो घाबरतो. माझी एक काकी म्हणाली, "पाच हजाराचा जामीन! आमची बैलजोडी गेली ना रे मग?"

बैलजोडी जात नाही. नीट ऐका.

जामिनात दोन कागद असतात. एक आरोपीचा मुचलका. त्यात तो लिहून देतो की मी तारखेला येईन, नाही आलो तर इतके रुपये भरीन. दुसरा जामीनदाराचा. हा आला नाही तर इतके रुपये मी भरीन. अंगठा करताना एक पैसा द्यायचा नसतो. जमीन गहाण पडत नाही, तुमच्याच नावावर राहते. सातबारा बघतात तो एवढ्यासाठी की या माणसाची ऐपत आहे का. केस संपली की तुमची जबाबदारी संपली. जामीनदार मध्येच वारला तर त्याच्या पोराबाळांवर बोजा येत नाही, मात्र मुचलका त्याआधी जप्त झालेला नसावा.

आता दुसरी बाजू. खोटा धीर देऊन कुणाचा अंगठा घ्यायचा नाही. आरोपी तारखेला आला नाही तर मुचलका जप्त होतो. जामीनदाराला नोटीस येते, रक्कम का वसूल करू नये ते सांगा म्हणून. उत्तर दिलं नाही, पैसेही भरले नाहीत, तर दंडासारखी वसुली होते, घरातली चीजवस्तू उचलतात, कलेक्टरामार्फत जमिनीपर्यंतही येतात. त्यातूनही वसूल झालं नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी जेल होऊ शकते.

मी स्वतः भाच्याला जामीन होतो, दीड हजाराचा. आषाढात तारीख पडली. नदीला पूर. भाचा पलीकडे अडकला, मी अलीकडे. मी म्हटलं, तारीख त्याची आहे, मी कशाला जाऊ? तिथंच चुकलो. मी जाऊन पुराचं सांगितलं असतं तर पुढची तारीख मिळाली असती. त्याच्या नावाचं वॉरंट निघालं. दिवाळीनंतर मला नोटीस आली तेव्हा मी ऊसतोडीला. बायकोने कागद आढ्याला खोचून ठेवला. परत आल्यावर शाळेतल्या पोराकडून वाचून घेतला. भाच्याला बरोबर घेतलं, पोलीस पाटलाचा पुराचा दाखला घेतला आणि कोर्टात उभा राहिलो. मॅजिस्ट्रेटने शंभर रुपये भरायला लावले, बाकी माफ केलं. अशी सूट द्यायची मुभा कायद्यात आहे, पण तोंड उघडणाऱ्यालाच ती मिळते.

आणि ज्याला आपल्यातला जामीनदार मिळत नाही, तो कुठे जातो? सावकाराकडे. आपल्या भागातला एक गडी असाच सुटला. ज्या शेतमालकाने जामीन दिला त्याच्याकडे तो सालदार लागला. केस वर्षात निकाली निघाली, निर्दोष सुटला. सालदारकी तीन वर्षं चालली, कारण जामीन संपल्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारेही बसलेले असतात. त्यांचे कागद खोटे निघाले की आपला माणूस परत आत जातो.

म्हणून जामिनाच्या दिवशी वकिलाला बोलायला लावायचं. पहिलं, जातमुचलका मागायचा, म्हणजे जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच मुचलक्यावर सुटका. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली होती. खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजाराचा जामीनदार मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. गरिबाला जातमुचलक्यावर सोडता येतं आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार तेवढ्यासाठी नाकारता येत नाही, हे त्या निकालात आहे. वकिलाला "मोतीराम" एवढं नाव सांगा, तो शोधील.

दुसरं, रक्कम फार असेल तर कमी करून मागायची. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८४ (जुन्या फौजदारी संहितेचं ४४०) म्हणतं की ती अवाच्या सवा नसावी. तिसरं, जामीनदाराच्या ऐवजी रोख भरायची परवानगी मागता येते, कलम ४९० (जुनं ४४५). तारखा पाळल्या तर ते पैसे शेवटी परत मिळतात, म्हणून पावती जपा. आणि जंगल खात्यानेच पकडलं असेल तर रेंजर स्वतः मुचलका घेऊन सोडू शकतो, १९२७ च्या जंगल कायद्याचं कलम ६५. रेंजर म्हणतो, माझ्या हातात काही नाही. त्याला कलमाचा आकडा सांगून बघा, मग काय म्हणतो ते.

ज्याला जामीन राहायचं जड झालं, आरोपीचा भरवसा वाटेना, त्याने गुपचूप घरी बसू नये. कोर्टात अर्ज करून मोकळं होता येतं. मात्र त्यानंतर आरोपीला दुसरा जामीनदार द्यावा लागतो, नाही तर तो आत जातो, म्हणून आधी पाड्यावर सांगा.

आपल्या नऊ जणांची पुढची तारीख येत्या सोमवारी आहे. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने नऊ जण आणि त्यांचे जामीनदार, सगळ्यांनी यायचं. कुणी आजारी असेल तर दवाखान्याची चिठ्ठी शेजाऱ्याजवळ द्या, वकील हजेरी माफीचा अर्ज टाकील. आणखी दोन जामीनदार तयार ठेवायचे आहेत. ज्यांचा सातबारा आहे त्यांनी नवा उतारा आणि रेशनकार्ड घेऊन आजच नाव सांगा. उतारा शनिवारच्या आत काढा, बाजाराच्या दिवशी तलाठी सापडत नाही.