अंगावर पित्त उठलं, आता पुढे?

आजचा एपिसोड लहान मुलांच्या ॲलर्जीवर आहे. आता तुम्ही म्हणाल, दिवसभर कोड लिहिणारा माणूस डॉक्टरकी कधीपासून करायला लागला? नाही करत भाऊ. औषधाचा डोस वगैरे मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं घरच्यांच्या हातात असतात, आणि आज फक्त तेवढ्याच मिनिटांबद्दल बोलायचंय.

सुरुवात एका शब्दापासून करू. लेकराच्या अंगावर लाल चट्टे उठले, खाज सुटली, की आपल्याकडे काय म्हणतात? ‘पित्त उठलं.’ किंवा ‘गांधी उठल्या.’ (वर्धा जिल्ह्यात हा दुसरा शब्द जरा जपून वापरावा लागतो, लोकांची नजर सेवाग्रामकडे वळते.) मग आजी आमसुलाचं पाणी चोळते, घोंगडीत गुंडाळून ठेवते, आणि तासाभरात चट्टे उतरतात. बहुतेक वेळा खरंच उतरतात, म्हणून तर हा उपाय टिकून आहे. अडचण अशी की ‘पित्त’ म्हटलं की गोष्ट पोटाची, आंबटाची, जागरणाची वाटते. ॲलर्जी हा विचार डोक्यात येतच नाही. आणि जो एखादा प्रसंग वेगळा असतो, तिथे आमसुलात वेळ जातो.

वेगळा म्हणजे कसा? नुसते चट्टे, खाज, ओठ थोडा सुजला, पण मूल खेळतंय, बोलतंय, श्वास नीट आहे, तर ती साधी ॲलर्जी. डॉक्टरांना फोन करा, ते सांगतील ते औषध द्या, पुढचे काही तास मुलावर लक्ष ठेवा. एकटं झोपवून शेतात जाऊ नका.

पण चट्ट्यांसोबत आणखी काही सुरू झालं तर खेळ बदलला. आवाज घोगरा झाला. सारखा खोकला लागला, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोय. लाळ गिळता येत नाही. उलटीवर उलटी होतेय. चेहरा पांढरा पडला, अंग ढिलं पडलं, मूल गुंगीत गेलं. याला डॉक्टर ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: काही मुलांच्या अंगावर एकही चट्टा येत नाही. मधमाशी चावली किंवा नवीन औषध घेतलं, आणि थोड्याच वेळात श्वास लागला किंवा चक्कर आली, तर चट्ट्यांची वाट बघायची नाही.

लहान मुलं लक्षणं आपल्या भाषेत सांगत नाहीत. ‘जीभ जाड झाली’, ‘घशात केस अडकला’, ‘तोंडात टोचतंय’ असं म्हणतात, आणि आपण म्हणतो नाटकं करते. तान्हं बाळ तर काहीच सांगत नाही. खेळतं बाळ एकदम मलूल झालं, रडण्याचा आवाज बदलला, दूध पाजल्यावर किंवा नवीन काही भरवल्यावर लगेच पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, तर तेच त्याचं सांगणं.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. शरीराचा अँटीव्हायरस शेंगदाण्याच्या निरुपद्रवी प्रोटीनला व्हायरस समजतो, आणि त्याला हटवायच्या नादात आख्खी सिस्टीम बंद पाडतो. रक्तवाहिन्या सैल पडून गळायला लागतात, रक्तदाब कोसळतो, श्वासनळी आवळते. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली हे कुत्र्यांवर पाहिलं. समुद्री जीवाच्या विषाचा पहिला डोस पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी अगदी थोड्या डोसने मेला. रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं. आपल्यासाठी यातला मुद्दा एवढाच, की ‘मागच्या वेळी खाल्लं तेव्हा तर काही झालं नव्हतं’ हा पुरावा नव्हे.

यावर औषध एकच, ॲड्रेनालिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत इंजेक्शन. ते रक्तवाहिन्या आवळतं आणि श्वासनळी मोकळी करतं, तेही काही मिनिटांत. ॲलर्जीची गोळी खाज कमी करते, पण पडलेला रक्तदाब उचलत नाही, आणि चढायलाच अर्धा-एक तास घेते. स्टेरॉइडला तर कित्येक तास लागतात. म्हणून गोळी देऊन ‘बघू थोडा वेळ’ म्हणणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण त्यात आपण काहीतरी केल्याचं समाधान असतं. परदेशात पालकांच्या खिशात ॲड्रेनालिनचं पेन असतं. आपल्याकडे ते मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. पण साधी ॲम्प्युल स्वस्त आहे, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे.

आणि गंमत बघा, ते तुमच्या गावच्या लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीतही असतं. लस दिल्यावर नर्सताई अर्धा तास थांबायला सांगतात ना, आणि आपण ‘काम आहे’ म्हणून पळतो? तो अर्धा तास यासाठीच. लसीने ॲनाफिलॅक्सिस होणं फार दुर्मीळ, दहा लाख डोसमागे एखाद-दुसरी केस. पण झालीच, तर एएनएम ताईंकडे किट असतं, आणि लसीनंतरच्या ॲनाफिलॅक्सिससाठी पहिला डोस द्यायचं प्रशिक्षण असतं. तेव्हा थांबत जा.

आता आर्वीचं गणित. शहरात असाल तर उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे. पण आजूबाजूच्या खेड्यात असाल, तर वर्धा, सेवाग्राम, सावंगी हे सगळं पन्नास किलोमीटरच्या पुढे. ॲनाफिलॅक्सिसमध्ये ‘मोठ्या दवाखान्यात’ न्यायच्या हट्टात जवळचं आरोग्य केंद्र ओलांडून जाऊ नका. पहिलं इंजेक्शन जिथे लवकर मिळेल तिथे, मोठा दवाखाना नंतर. १०८ ला फोन करा, त्या गाडीत डॉक्टर असतात. फोनवर ‘पोराला बरं नाही’ एवढंच सांगू नका. ‘ॲलर्जी झाली, श्वास लागतोय’ असं सांगा.

गाडी येईपर्यंत मुलाला आडवं झोपवा, पाय उशीवर. श्वास लागत असेल तर पाय लांब करून बसवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर. उभं करायचं नाही, चालवायचं नाही. रक्तदाब पडलेला असताना एकदम उभं केलं तर हृदयाकडे रक्तच पोचत नाही, आणि त्यात जीव गेलेले आहेत. म्हणूनच मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं, जे आपल्याकडे सर्रास होतं, ते शेवटचा पर्याय म्हणूनच. आधी शेजाऱ्याची चारचाकी बघा, मागच्या सीटवर झोपवून न्या, आणि निघतानाच दवाखान्यात फोन करून ठेवा.

आग्या मोहोळ उठलं असेल तर आधी मुलाला घेऊन तिथून लांब पळा. मग काटा काढा, नखाने काढा की कशाने, वाद घालू नका, लवकर काढा.

इंजेक्शननंतर मूल हसायला लागलं की घरी न्यायची घाई होते. काही मुलांना काही तासांनी दुसरी लाट येते. डॉक्टर थांबा म्हणतील तेवढं थांबा, रात्र काढावी लागली तरी.

तुमच्या हातातला फोन इथे कामाचा आहे. चट्ट्यांचा फोटो काढा, श्वासाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, दुसरं कोणी मुलाजवळ असेल तरच. काय खाल्लं, किती वाजता, कोणती गोळी दिली, नोट्समध्ये लिहा. पाकिटाचा फोटो ठेवा. दूध, अंडं, शेंगदाणा, सोयाबीन, गहू, मासे यांची नोंद पाकिटावर करणं एफएसएसएआयच्या नियमाने बंधनकारक आहे. सुट्या चिवड्याला आणि लग्नातल्या लाडवाला मात्र लेबल नसतं, तिथे आचाऱ्यालाच विचारायचं.

आणि हे ऐकून उद्यापासून बाळाला शेंगदाणा बंद, असं करू नका. २०१५ मध्ये लंडनच्या एका मोठ्या अभ्यासात उलटंच दिसलं: ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त होता, त्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिल्यावर ॲलर्जी कितीतरी कमी झाली. अख्खा दाणा नाही हं, तो घशात अडकतो. बारीक कूट, पातळ करून. बाळाला मोठा एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडला एका बालरोगतज्ज्ञांना बोलवायचा विचार आहे, तेव्हा डोसचे प्रश्न त्यांच्यासाठी राखून ठेवा.