राखणीच्या कुत्र्याचे वार्धक्य

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत कुकडी-घोड नद्यांच्या पाण्यावर उसाचे फड वाढले, त्या फडांत बिबट्याने ठाण मांडले आणि मळ्यातील वस्तीची राखण करणारे कुत्रे त्याचे सुलभ भक्ष्य ठरले. शेजारच्या अकोले तालुक्यातील एका अभ्यासात तर बिबट्याच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, ३९ टक्के वाटा कुत्र्यांचाच आढळला. अशा मुलखात जे कुत्रे दहा-बारा वर्षे तग धरते, त्याच्या म्हातारपणाची तजवीज करणे हे धन्याचे कर्तव्य आहे, असे मी मनापासून मानतो.

हे म्हातारपण समजून घ्यायचे, तर पेशीत डोकावावे लागते. प्रत्येक पेशीत झिजलेली प्रथिने आणि निकामी तंतुकणिका साचत असतात. पेशी त्यांच्याभोवती पटलाची पिशवी घडविते, ती पिशवी लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या पाचक कोशात, रिती होते, आणि उसाचा चोथा बॉयलरमध्ये जळून ज्याप्रमाणे कारखान्यालाच वाफ पुरवितो, त्याप्रमाणे त्या कचऱ्याच्या विघटनातून पेशीला पुन्हा द्रव्य आणि ऊर्जा मिळते. या स्वभक्षणामागील जनुके किण्वपेशींत शोधून काढणाऱ्या योशिनोरी ओसुमी या जपानी शास्त्रज्ञाला २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वयोमानाने ही सफाई मंदावते. आणि मेंदूतील मज्जापेशी सहसा नव्याने निर्माण होत नसल्यामुळे तेथील संचय अधिक बाधतो. वृद्ध कुत्र्यांच्या मेंदूत माणसाप्रमाणेच अमिलॉइड प्रथिनाचे थर आढळतात. रात्री अकारण भुंकणारे, कोपऱ्यात अडकून उभे राहणारे, घरच्या माणसाला न ओळखणारे कुत्रे ‘म्हातारचळ लागला’ म्हणून हाकलून देतात, याचे मला फार दुःख होते. तो आजार असू शकतो, आणि अशा कुत्र्याला पशुवैद्याकडे नेले पाहिजे.

आता आहाराविषयी. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात चतुर्थांश कमी अन्न मिळालेल्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, तर इतरांचे ११.२ वर्षे भरले. अल्पाहाराने पेशींची सफाई वाढते, असे प्रयोगशाळेतील इतर प्राण्यांत दिसले आहे. परंतु या लॅब्राडॉरांचे आयुष्य त्याचमुळे वाढले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय कमी खाण्याचा हा धडा बंगल्यातील लठ्ठ कुत्र्यासाठी आहे. अर्ध्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या वस्तीवरील कुत्र्याला उपास घडविणे हा निव्वळ अन्याय होय. त्याला पोटभर अन्न द्यावे, मात्र कांद्याचा रस्सा देऊ नये, कारण कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

आणि ज्याचे कान-डोळे मंदावले, त्याला साखळीने अंगणात बांधणे म्हणजे बिबट्याच्या हवाली करणे. दिवेलागणीपूर्वीच त्याला कडी लावलेल्या गोठ्यात आत घ्यावे.